एक चंद्र कमी

‘ध्रुवापार’चा तिसरा भाग आला आणि चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या ढब्बूने आयुष्यात पहिल्यांदा खोटं कारण सांगून तीन दिवसांची रजा काढली. चाळिशीतल्या माणसाला हे शोभतं का, असं बायकोने विचारलं. शोभत नाही, हे त्यालाही कबूल होतं. पण सात वर्षं वाट पाहिलेला व्हिडिओ गेम होता तो. जहाज घेऊन अंतराळात हिंडायचं, माणसं जमवायची, त्यांना शब्द द्यायचा आणि मोडला तर भोगायचं. अशा वेळी शोभेचं कोण बघतो?

पहिले दोन भाग तो ताईबरोबर खेळला होता. ताई कप्तान, ढब्बू नकाशा वाचणारा. कंट्रोलर एकच, आणि तो कायम तिच्या हातात. ताईचा पेशा मुद्रितशोधनाचा, म्हणजे पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या, आणि घरीही तिला दुसरं काही सुचत नसे. खेळाच्या चाहत्यांच्या वेबसाइटवर ढब्बू लेख लिहायचा आणि त्याखाली ताई त्याची लक्तरं टांगायची. लोक लेखापेक्षा तिच्या दुरुस्त्याच चवीने वाचत. मग वडील आजारी पडले. ताई लांबच्या शहरात, धावपळ सगळी ढब्बूच्या गळ्यात. एकदा फोनवर तो तिला म्हणाला, तुला फक्त चुका काढता येतात. त्यानंतर तीन वर्षं ती त्याच्याशी बोलली नाही आणि त्याच्या लेखांकडेही फिरकली नाही. माफी मागायला त्याची जीभ रेटत नव्हती.

तीन दिवस खेळून झाल्यावर त्याने लेख लिहायला घेतला. जहाजाच्या इंजिनाचा आवाज पोटात घुमतो, ते लिहिलं. नकाशा म्हणजे नुसता गोंधळ, हेही लिहिलं. खेळातल्या पहिल्या दिवशी आपण सहज बोललेलं वाक्य जहाजावरची डॉक्टरीणबाई दहाव्या दिवशी तोंडावर फेकते, याचं कौतुक केलं. आणि मग मुद्दाम लिहिलं, ‘आपल्या जुन्या ग्रहावर उतरलो. आकाशात दोन चंद्र होते.’

चंद्र तीन होते. हे शेंबडं पोरही सांगेल. तिसरा अगदी एवढासा, त्याच्यावर ना मोहीम ना खजिना, पण ताई दर वेळी खेळ थांबवण्याआधी जहाज तिथे उतरवायची आणि दहा मिनिटं नुसती बघत बसायची. ढब्बू कुरकुरायचा. या तीन दिवसांत तो स्वतः चार वेळा तिथे जाऊन बसला होता. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि त्याला ताईची फार आठवण आली.

एवढी ढळढळीत चूक पाहून तिला राहवणार नाही, अशी त्याची अटकळ. सरळ फोन करायचा सोडून हा द्राविडी प्राणायाम कशाला, असं बायको म्हणाली.

लेख टाकला मात्र, सगळे त्याच्यावर तुटून पडले. एकाने तर लिहिलं, लेखकाने आधी चष्मा करून घ्यावा. ढब्बू काच घासता घासता तासातासाला फोन बघायचा. ताईचा पत्ता नाही. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती लेखाखाली उगवली.

‘लेख आवडला. मला सांध्यांचं दुखणं आहे. वर्ष झालं, बोटं वळत नाहीत. कंट्रोलर धरता येत नाही म्हणून हा भाग मी घेतलाच नाही. हेसुद्धा मी सांगते आहे आणि लेक टाइप करते आहे. बाकीच्यांचं काही वाचलं नाही, तुझं तेवढं दोनदा वाचून घेतलं. तुझ्यावर विश्वास आहे, म्हणून विचारते. तिसरा चंद्र त्यांनी का रे काढून टाकला?’

ढब्बूचा घास हातातच राहिला. डबा तसाच उघडा टाकून तो दुकानामागच्या जिन्यात गेला आणि तीन वर्षांनी त्याने तिचा नंबर लावला. भाचीने उचलला आणि आईच्या कानाशी धरला.

“ताई, आहे तिसरा चंद्र,” तो म्हणाला. “मीच खोटं लिहिलं. तू चूक काढायला येशील म्हणून.”

“मग मला घेऊन चल तिथे,” ताई म्हणाली. “सावकाश सांग. मी डोळे मिटून ऐकते.”

ढब्बू पायरीवर बसला आणि सांगू लागला. आता अडवेल, मग अडवेल, म्हणून प्रत्येक वाक्यानंतर तो जरासा थांबत होता. तिने एकदाही अडवलं नाही.