मार्सेलची कॉइल

मार्सेलने चौथा स्क्रू काढला आणि पिकअप दोन बोटांनी अलगद वर उचलला. कॅल्विनच्या बेस गिटारचा वायर लावायचा जॅक सैल झाला होता. तेवढाच दुरुस्त करायचा होता. पिकअप उघडायचं काही कारण नव्हतं. तरी त्याने तो काढला आणि खिडकीशी नेऊन उलटा करून पाहिला.

कॉइलवर शेवटी पांढरा शिवणदोरा गुंडाळलेला होता. टोकाला बारीक गाठ. ब्लाउजला हुक लावताना क्लेमेंटीन मारायची, तीच.

तो स्टुलावर बसला.

वसईपासून विरारपर्यंत लग्नाच्या बँडमध्ये बेस वाजवणारे जिला ‘मार्सेलची कॉइल’ म्हणायचे, ती त्याच्या बायकोच्या, क्लेमेंटीनच्या हातची असायची. पिकअप तशी साधी वस्तू. चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार, आठ-दहा हजार वेढे. गिटारच्या तारा हलल्या की तिच्यातून आवाज अ‍ॅम्पकडे जातो. पण मार्सेलच्या हातात ती तार टिकत नसे. दोन-तीन हजार वेढे झाले की तुटायची, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एक दिवस क्लेमेंटीनने हातातलं शिवण बाजूला ठेवलं, बोटांना पावडर लावली आणि शिलाई मशीनच्या चाकावर अख्खी कॉइल एका बैठकीत गुंडाळून दिली.

तो बेस ज्याचा होता तो माणूस आठवड्याने परत आला. “मार्सेल, काय हात आहे रे तुझा!” म्हणाला. क्लेमेंटीन तिथेच मशीनवर बसलेली होती. मार्सेल गप्प राहिला. पुढे चौदा वर्षं गप्पच राहिला.

ती जाऊन आता दहा महिने झाले होते. कॉइलचं काम आलं तर तो नाही म्हणायचा. डोळ्यांना दिसत नाही, असं सांगायचा. लोक मान हलवून परत जायचे. घरात तिने गुंडाळलेली एकही कॉइल उरली नव्हती. केलेली प्रत्येक कॉइल कुणाच्या तरी बेसमध्ये गेली होती.

ड्रॉवरमध्ये मुंबईहून आणलेला एक तयार पिकअप पडून होता. तसाच काळा, त्याच मापाचा. मार्सेलने तो कॅल्विनच्या बेसमध्ये बसवला, जॅक घट्ट केला. जुना पिकअप रुमालात गुंडाळून कपाटात क्लेमेंटीनच्या साड्यांखाली ठेवला. कपाट लावताना त्याने दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

आठवडाभरात कॅल्विन परत आला. पोस्टात नोकरी करणारा, पस्तिशीचा, कमी बोलणारा माणूस. आगाशीच्या पॉलच्या बँडमध्ये बारा वर्षं बेस वाजवत होता.

“अंकल, आवाज पातळ झालाय,” तो म्हणाला. “पोटात लागायचा, तो लागत नाही.”

मार्सेलने मीटर लावून पाहिल्यासारखं केलं. “तारा जुन्या झाल्यात. नव्या घाल.”

“जॅकमुळे तर नाही ना?”

“जॅकचा काय संबंध? तारा घाल.”

कॅल्विनने मान डोलावली आणि बेस उचलून गेला. त्याला काहीच शंका आली नव्हती. मार्सेल बराच वेळ हातातल्या मीटरच्या वायरी गुंडाळत बसला.

त्यानंतर कॅल्विन आला तो तीन आठवड्यांनी, दुपारी. बेस खोळीसकट टेबलावर ठेवला आणि पलीकडच्या खुर्चीत बसला.

“हा तुम्ही ठेवा, अंकल. कुणाला हवा असेल तर द्या.”

“का? काय झालं?”

“नव्या तारा घातल्या. दोनदा घातल्या. मग पॉल अंकलचा अ‍ॅम्प लावून बघितला. तरी तेच.” त्याने आपली बोटं पाहिली, उलटसुलट. “माझंच काहीतरी गेलंय. परवा प्रॅक्टिसमध्ये पॉल अंकल सगळ्यांसमोर म्हणाला, कॅल्विन, बेस वाजवतोस की डास मारतोस? सगळे हसले. मीपण हसलो. रविवारच्या लग्नाला अँथनीला घेतलाय.”

“एका लग्नाचं काय एवढं?”

“एका नाही. पुढच्या सगळ्या.”

मार्सेल टेबलावरचा सोल्डरचा तुकडा बोटाने इकडेतिकडे सरकवत राहिला.

“ज्युली म्हणते, डॉक्टरला दाखव. तिच्या मामाला असंच झालेलं, बोटांत ताकद नव्हती,” कॅल्विनने बायकोचं म्हणणं सांगितलं. “सोमवारी जातोय.”

“जाऊ नकोस,” मार्सेल म्हणाला.

“दाखवायला काय हरकत आहे?”

“तुझ्या बोटांना काही झालं नाही.”

तो उठला. आतल्या खोलीत गेला. कपाटाचं दार नेहमीसारखं करकरलं. कॅल्विन बसला होता तिथून कपाट सरळ दिसत होतं, हे मार्सेलला ठाऊक होतं. खोलीचं दार लोटून घ्यावं असं त्याच्या मनात आलं. त्याने लोटलं नाही. साड्या एका हाताने वर धरून त्याने रुमाल काढला, बाहेर आणला आणि टेबलावर सोडला.

“हा तुझा पिकअप. मी काढून ठेवलेला. तुझ्या बेसमध्ये दुसराच घातला.”

कॅल्विनने पिकअपकडे पाहिलं, मग कपाटाकडे.

मार्सेलने इस्त्री तापत ठेवली. सोल्डरिंग आयर्नला तो इस्त्रीच म्हणायचा. चार स्क्रू काढले. नवा पिकअप बाजूला केला, जुन्याच्या दोन वायरी जागेवर टेकवल्या. एरवी दहा मिनिटांचं काम, त्याला अर्धा तास लागला. दोनदा सोल्डर भलतीकडेच सांडलं. कॅल्विनने मध्येच टेबलावरचा दिवा उचलून त्याच्या हाताजवळ धरला.

“वाजव,” मार्सेल म्हणाला.

कॅल्विनने बेस कोपऱ्यातल्या अ‍ॅम्पला जोडला आणि सर्वांत जाड तार एकदाच छेडली. टेबलावरचे स्क्रू थरथरले. त्याने लगेच तळहाताने तार दाबली.

मार्सेल वाट पाहत होता. आता तो ओरडेल, शिव्या देईल. दिल्या तर बरं होईल.

“क्लेमेंटीन आंटीने केलेला ना हा?” कॅल्विनने विचारलं.

मार्सेलने मान वर केली.

“ठाऊक होतं आम्हाला. सगळ्यांनाच,” कॅल्विन म्हणाला. “पिकअप न्यायला यायचो तेव्हा तुम्ही बाजारात गेलेले असायचे. मशीनवर कॉइल लावलेली असायची. एकदा मी म्हटलं, आंटी, तुम्हीच करता की काय? तर म्हणाली, करते, पण यांच्यासमोर बोलू नकोस हां. यांना कसंतरी वाटेल.”

“पॉलला?”

“पॉल अंकललापण सांगून ठेवलेलं तिने.”

मार्सेलने इस्त्रीचा प्लग काढला. काढून पुन्हा लावला, मग पुन्हा काढला. चौदा वर्षं लोक “काय हात आहे तुझा” म्हणत आले होते. तो हसून मान खाली घालायचा. तेव्हा कोण कुणाकडे बघत असायचं, हे आता त्याला एकेक करून आठवायला लागलं.

कॅल्विनने बेस खोळीत घातला, चेन ओढली.

“तुम्ही टेन्शन घेऊ नका, अंकल. पॉल अंकलला सांगतो, आतली वायर सुटलेली म्हणून. विषय संपला. ज्युलीलापण तेच सांगतो.”

तो पायरी उतरून स्कूटरपाशी गेला. बेस खांद्यावर अडकवला, किक मारली. पहिल्या किकला गाडी सुरू झाली नाही.

“थांब,” मार्सेल दारातून म्हणाला. तो खुंटीवरचा शर्ट बनियनवर चढवत होता. “मी येतो.”

“कुठे?”

“आगाशीला. तू काही सांगू नकोस.”

तो मागे बसला. वाटेत ओळखीची दोन माणसं दिसली. त्यांनी हात केला. मार्सेलने केला नाही.

पॉल ओटीवर ट्रम्पेट पुसत बसला होता. अँथनी आणि आणखी दोघं चहा घेत होते. कॅल्विनच्या मागे मार्सेलला बघून पॉल मोठ्याने हसला.

“अरे, आज मालक स्वतः! ये मार्सेल, ये. पॉलिन, एक चहा वाढव गं.” त्याने पायाने खुर्ची पुढे सरकवली. “बस.”

मार्सेलने चपला पायरीखाली काढल्या. वर आला आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

“आधी ऐक,” तो म्हणाला. “मग बस म्हणायचं की नाही ते ठरव.”