लेखक कोण, ते विचारायचं नाही

वर्गात माझा एकच दंडक होता : कागदावर नाव घालायचं नाही. लेखक कोण, कुठला, हे कळलं की पोरं मजकूर सोडून माणसाच्या चौकश्या करत बसतात. म्हणून प्रत्येकानं आपलं लिखाण टाइप करून दारातल्या पेटीत टाकायचं आणि शुक्रवारी त्यातला एक कागद फळ्यावर उतरवून आम्ही तो निरनिराळ्या वादांचे चष्मे लावून वाचायचा. या पद्धतीचा मला कोण अभिमान होता!

त्या शुक्रवारी फळ्यावर चार ओळी होत्या. 'स्वयंपाकघराला एकच खिडकी आहे. काल तिला बाहेरून फळी ठोकली. शुक्रवारी मला नेणार आहेत. त्याआधी कुणीतरी या.'

वर्ग तुटून पडला. स्त्रीवादी गटानं स्वयंपाकघर धरलं. वास्तववाद्यांना तपशील कमी पडले. पहिल्या बाकावरची शहाणी म्हणाली, "बाई, खिडकी म्हणजे मन." स्वच्छंदतावादाची बाजू घेणाऱ्यानं तर शुक्रवार म्हणजे मृत्यू, असं ठरवूनच टाकलं. मी खूश होऊन फळाभर बाण काढत होते.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती तोंडातून शब्द काढायची नाही.

"बाई, आज शुक्रवारच आहे."

"असू दे की. मजकुरातला शुक्रवार वेगळा," मी तिला झटकलं. वर्ग हसला.

ती बसली नाही. "माझ्या शेजारी बसते ना, ती मंगळवारपासून आलेली नाही. काल वही द्यायला गेले, तर घरच्यांनी दारातूनच परत पाठवलं. ताप आहे म्हणाले. पण खिडकीला फळी होती, बाई. मी बघितली."

सोमवारी पेटी मीच उघडली होती. तो कागद इतका आवडला, की शुक्रवारच्या तासासाठी मुद्दाम राखून ठेवला होता. चार दिवस! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

ऑफिसातून पत्ता घेतला. पोलिसांना फोन केला, तर "बघतो" म्हणाले. रिक्षा मिळेना, तशीच धावत सुटले.

खिडकीवर फळी होती. दाराला बाहेरून कुलूप होतं. मी वेड्यासारखी ते ओढत राहिले. आवाज ऐकून शेजारच्या काकू बाहेर आल्या.

"सकाळीच नेलं हो तिला. लग्न लावणार म्हणे. कुठे, ते काही बोलले नाहीत. रडून रडून घसा बसला होता पोरीचा."

"आणि तुम्ही कुणी मधे पडला नाहीत?" मी ओरडलेच.

"मी विचारलं होतं तिला, फळीच्या फटीतून. म्हटलं, कुणाला कळवू का? तर नको म्हणाली. म्हणाली, 'आमच्या बाईंना लिहून दिलंय. त्या अक्षर न् अक्षर वाचतात. येतीलच त्या.' काल रात्रीपर्यंत हेच घोकत होती." काकूंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. "पण तुम्ही तिच्या कोण?"