सीटखालच्या चौघी

मी वडनेर भोलजीच्या लॉनवरची पांढरी गाडी बोलतेय. कागदोपत्री माझं नाव गोल्फ कार्ट. पण या गावात गोल्फ कोणी पाहिलेला नाही, त्यामुळे ते नाव कोणाच्या तोंडात बसलं नाही. पोरं मला टुकटुक म्हणतात. लग्नाला आलेल्या बायका 'ते बिनआवाजाचं' म्हणतात. आणि नवरदेवासाठी घोडा घेऊन येणारे कारभारी मला काय म्हणतात, ते इथे न सांगितलेलं बरं.

माझा जन्म कारखान्यातला. सहा जणांची बैठक, वर छत आणि मागच्या सीटखाली बारा-बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या. चौघी एकीला एक जोडलेल्या. चौघींचा मिळून अठ्ठेचाळीस व्होल्टचा जोर झाला की माझी चाकं फिरतात. पेट्रोल नाही, धूर नाही. पहिली काही वर्षं नागपूरकडच्या एका मोठ्या हॉटेलात गेली. पाहुण्यांना आणि त्यांच्या बॅगांना खोलीपर्यंत सोडायचं, एवढंच काम. पाहुणे फोनवर बोलत बसायचे आणि बोलतच उतरायचे. माझ्याकडे कोणी नीट पाहिलं असेल, असं वाटत नाही.

मग हॉटेलनं नव्या गाड्या आणल्या आणि मला शेखरनं घेतलं. हायवेच्या कडेला शेखरचं लग्नाचं लॉन आहे. गेटपासून मांडव बराच लांब, आणि शेवटी स्टेजकडे जायला चढ. उन्हाळ्यातल्या लग्नांना म्हातारी माणसं घामाघूम होऊन पोचायची. त्यांच्यासाठी त्याला मी हवी होते.

चालवणार कोण, हा प्रश्नच नव्हता. शेखरचे वडील शालिग्राम एकोणतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले. घरात बसून कंटाळले होते. मी आले तेव्हा माझ्याभोवती एक पूर्ण फेरी मारून ते म्हणाले, "गिअर कुठी हाये हिचा?"

"गिअर नाही, बाबा. पाय ठेवला का चालते."

"क्लच?"

"क्लचबी नाही."

"मंग ड्रायव्हर कायले पायजे हिले?" असं म्हणून ते घरात निघून गेले. मला वाटलं, संपलं आपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता इस्त्रीचा खाकी शर्ट घालून, हातात फडकं घेऊन ते हजर. आधी माझी काच पुसली, मग आरसे. हॉटेलात माझे आरसे कोणी पुसलेच नव्हते.

ते मला जीव लावून चालवायचे. म्हातारीचा पाय पायरीवर नीट पडेपर्यंत थांबायचे. वळण नसलं तरी हात दाखवायचे. लॉनवर मागून कोणीही येत नसायचं, तरी आरशात पाहिल्याशिवाय त्यांनी मला कधी हलवलं नाही.

शेखरलाही माझा लळा लागला, पण त्याची तऱ्हा वेगळी. त्याला मला सजवायची हौस. आधी छताला रंगीत दिव्यांची पट्टी आली. मग नवरीच्या एंट्रीचं गाणं वाजवायला स्पीकर. मग दोन पंखे. मग मोबाईल चार्ज करायला आठ सॉकेट. हे सगळं बारा व्होल्टवर चालणारं, आणि माझी एकेक बॅटरी बारा व्होल्टची. शेखरनं विचार केला, सोपं आहे. सीटच्या कडेची चौथी बॅटरी हाताला जवळ होती. एकामागून एक सगळ्या वायरी त्यानं तिच्याच दोन टोकांना आवळल्या.

आठ सॉकेटांचं मात्र फार कौतुक झालं. लग्नाला आलेला माणूस आधी पाणी मागतो आणि लगेच चार्जर मागतो, हे मी इथे शिकले. माणसं मोठी गमतीची. चपला डोळ्यांसमोर ठेवून जेवतात, आणि फोन माझ्या सॉकेटला अडकवून खुशाल तासभर पंगतीला जातात.

पण सीटखाली काय चाललं होतं, ते मलाच ठाऊक. गाडी ओढायचं काम चौघी सारखं करायच्या. दिवे, गाणी, पंखे आणि आठ फोन एकटी चौथी पोसायची. संध्याकाळी चार्जर लावला की चौघींना सारखीच वीज मिळायची. तिघी भरून जायच्या, चौथी अर्धीच राहायची. चार्जर चौघींकडे एकत्र बघतो, त्यामुळे त्याचा हिरवा दिवा लागायचा आणि शेखर निश्चिंत व्हायचा.

आणि मग निशिगंधाचं लग्न आलं. गावातल्याच भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली ही मुलगी, शालिग्रामकाकांच्या डोळ्यांसमोर लहानाची मोठी झालेली. "काका, मले तुमीच न्या स्टेजपर्यंत," असं तिनं महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं. काकांनी नवा खाकी शर्ट शिवून घेतला.

गाणं सुरू झालं, दिवे लागले, पंखे फिरले. सॉकेटांना आठही फोन लटकलेले. निशिगंधा मागे बसली, शेजारी तिची आई. आम्ही गर्दीतून छान निघालो. चढ आला. काकांनी पाय दाबला, आणि चौथीनं माझ्या पोटातच मान टाकली. मी थांबले. थांबले म्हणजे अर्ध्या चढावर, आणि मागे घसरायला लागले. काकांनी तेवढ्यात ब्रेक दाबला म्हणून कोणाला खरचटलंही नाही. पण चारशे माणसं पाहत होती आणि त्यांतली निम्मी शूटिंग करत होती.

"काका, पाय काढला का तुमी?" कोणीतरी ओरडलं.

"सत्तरीच्या माणसाले काऊन देता गाडी?" दुसरा म्हणाला आणि हसला.

निशिगंधा उतरली. हसत म्हणाली, "राहू द्या काका, चालत जातो मी." लेहंगा उचलून ती चालत गेली. ती मनापासून म्हणाली होती. पण काका स्टिअरिंग धरून बसून राहिले. एकोणतीस वर्षांत त्यांची एसटी प्रवासी घेऊन कधी मागे घसरली नव्हती.

संध्याकाळी व्हिडिओ गावभर फिरला. शेखर वडिलांसमोर हात पुढे करून उभा राहिला. "बाबा, चावी द्या. आता मीच चालवीन."

"माहा पाय पायडलवरच होता, शेखर."

"असंन. पण लोकं काय म्हणून राह्यले, आयकलं ना?"

काकांनी चावी दिली. दुसऱ्या दिवसापासून ते लॉनकडे फिरकले नाहीत. मला बोलता येत असतं तर मी त्या दिवशी ओरडून सांगितलं असतं.

पंधरा दिवसांनी दुसरं लग्न. स्टिअरिंगवर शेखर, मागे नवऱ्याकडचे महादेवराव, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले. त्याच चढावर मी पुन्हा थांबले. शेखरनं पाय दाबला, सोडला, पुन्हा दाबला. त्याच्या कपाळावर आलेला घाम मी आरशात पाहिला. त्याचाही पाय पायडलवरच होता. शेवटी महादेवरावांना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून वर नेलं.

दुसऱ्या दिवशी नांदुऱ्याहून संजीवनीताई आल्या. त्या मोटर वाइंडिंगचं दुकान चालवतात, लॉनवरचे जळालेले पंप त्याच दुरुस्त करून देतात. त्यांनी सीट उचलली, वायरींचा गुंता पाहिला आणि कमरेवर हात ठेवले. "अरे बाप्पा! हे कोणं जोडलं?"

"मीच," शेखर म्हणाला.

ताईंनी मागचं चाक जॅकवर उचललं नाही की काही खोललं नाही. शेखरला चढावर गाडी घालायला लावली आणि एकेका बॅटरीवर मीटर धरला. तीन जागी काटा बाराच्या आसपास राहिला. चौथ्या जागी तो थेट नवाखाली घसरला.

"पाह्य," त्या म्हणाल्या. "तिघी धडधाकट हायेत. हिले तू मारून राह्यला."

"पण दिवे तं बारा व्होल्टचेच हायेत ना, ताई?"

"हायेत ना. पण ते एकटीकून नाही घ्यायचे. एक कन्व्हर्टर लागते. तो चौघींकून सारखं घेते आन् बारा करून देते. मंग कोणाएकीवर भार नाही."

शेखरनं हळूच विचारलं, "म्हंजे बाबाची चूक नव्हती?"

"तुह्या बाबानं ब्रेक मारला म्हणून पोरगी वाचली," ताई म्हणाल्या. "बाकी तू पाहून घे."

चौथीला त्यांनी दुकानात नेलं आणि तिला एकटीलाच सावकाश दोन दिवस चार्ज केलं. ती सावरली. मग कन्व्हर्टर बसला, त्याला फ्यूज लागला, वेगळं बटण लागलं. आठ सॉकेटांतली चार ताईंनी काढून टाकली. म्हणाल्या, "लोकं जेवायले येतात का फोन चारायले?"

त्या संध्याकाळी शेखर मला घेऊन थेट घराच्या दारात गेला. काका ओट्यावर बसले होते. शेखरला माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं भलतंच.

"बाबा, उद्या लग्न हाये. ड्रायव्हर नाही."

"तू हायेस ना."

"माह्यानंबी चढावर बंद पडली." मग तो म्हणाला, "वायरी मी चुकीच्या जोडल्या होत्या, बाबा. तुमचं काहीच नव्हतं."

काका उठून माझ्यापाशी आले, आरशावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "इतले दिवस पुसला नाही का बे आरसा?"

आता माझा रंग उडालाय, छताला एक पोचा पडलाय, पण चौघी ठणठणीत आहेत. माझी एकच विनवणी आहे. गाडी थांबली की चालवणाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी एकदा सीट उचलून बघा.

परवाचं एवढं सांगते आणि थांबते. लॉनवर लग्न नव्हतं. काका मला पुसत होते, तेवढ्यात शेखरची आई अन्नपूर्णाबाई आल्या आणि थेट पुढच्या सीटवर बसल्या. काकांच्या सगळ्या ड्युट्या मलकापूरकडच्या आणि बाईंचं माहेर भलत्याच दिशेला, डोणगावला. नवऱ्यानं चालवलेल्या गाडीत त्या जन्मात कधी बसल्या नव्हत्या.

काकांनी पंखा लावला. बाईंचा फोन संपत आला होता, तो सॉकेटला लावला. आम्ही निघालो. तेवढ्यात फोन वाजला. लेक राखीचा होता.

"तुह्या बाबाच्या गाडीत बसली हाये मी," बाई म्हणाल्या.

"कुठी चालली व आई?"

बाईंनी काकांकडे पाहिलं. काका आरशात पाहत होते, मागे रस्ता मोकळा होता.

"कुठीच नाही व," बाई म्हणाल्या. "नुसती बसली हाये."