प्राणिगृहातला जुना टॅब

मित्रांनो, काचेला तडा गेलेला, चार्जिंगची पिन ढिली झालेला मी एक जुना टॅब आहे. कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. आठवते ती औषध-संशोधन संस्थेच्या तळघरातली खोली आणि तिथे ओळीने मांडलेले उंदरांचे पिंजरे.

माझ्याआधी तिथे जाड रजिस्टरे होती. एकदा वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला आणि दोन वर्षांच्या नोंदींचा लगदा झाला. मग मला आणले. माझ्यावर लिहिलेली ओळ क्लाउडवर, म्हणजे दूरच्या सुरक्षित संगणकांवर जाई. सोबत लिहिणाऱ्याचे नाव आणि वेळ. दुरुस्ती करता येई, पण आधीचे पुसता येत नसे. ओळ पोहोचली की हिरवी खूण उमटे, अडकली तर नारिंगी. पहिले वर्षभर माझे कोण कौतुक! पुढे ते ओसरले. मला ओल्या हातमोज्यांनी धरत, पिंजऱ्यांवर आपटत. चार्जिंगला लावायचे कुणाच्या लक्षात राहत नसे.

उंदरांची देखभाल करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. एके दिवशी दुपारी बारा वाजता रुग्णालयात एका माणसाला आमच्या नव्या औषधाचे पहिले इंजेक्शन मिळणार होते. त्याच सकाळी मावशींना दिसले, की त्या औषधाची जास्त मात्रा दिलेले तीन उंदीर अंग आखडून थरथरत आहेत. त्यांनी संशोधनप्रमुखांना फोन लावला. सरांनी या औषधामागे नऊ वर्षे घालवली होती. ते म्हणाले,

"थंडीने असेल. आज लिहू नका, उद्या पुन्हा बघू."

फोन ठेवल्यावर मावशी पुन्हा पिंजऱ्यापाशी गेल्या. मग त्यांनी मला उचलले, तिन्ही उंदरांचे फोटो काढले, जे दिसले ते लिहिले, खाली स्वतःचे नाव घातले आणि त्या कामाला लागल्या. नोंद गेली असे त्यांना वाटले. ती गेली नव्हती. तळघरातले नेट सकाळपासून बंद होते. नोंद माझ्याच पोटात अडकली होती आणि बॅटरी उरली होती सहा टक्के.

सुई टोचण्याआधी आमची नोंदवही आपल्या पडद्यावर उघडून बघायची, असा रुग्णालयातल्या डॉक्टरांचा नियम होता. त्यांना कालचेच पान दिसले असते, सगळे ठीक असलेले. मला ओरडता येत नव्हते. नारिंगी खूण दाखवत पडून राहण्यापलीकडे माझ्या हाती काही नव्हते.

साडेअकराला वजने लिहायला मावशींनी मला हातात घेतले आणि त्यांना नारिंगी खूण दिसली. डॉक्टर फोन उचलेनात. चार्जरची पिन बसेना. शेवटी मला छातीशी धरून, दुखऱ्या गुडघ्यांनी त्या तीन जिने चढल्या. गच्चीवर नेट मिळाले. एकेक फोटो सरकू लागला. बॅटरी दोन टक्के. मग एक. हिरवी खूण उमटली आणि माझा पडदा काळा झाला.

पुढचे मला संध्याकाळी कळले, पिन कशीबशी बसवून मला चार्ज केल्यावर; तोवर तळघरातले नेटही परत आले होते. बारा वाजायला सहा मिनिटे असताना डॉक्टरांनी ती नोंद वाचली, सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली आणि त्या माणसाला घरी पाठवले. औषधाने यकृत बिघडते आणि उंदरांची थरथर त्यातूनच होती, हे नंतरच्या तपासण्यांत निघाले.

त्याच संध्याकाळी सर तळघरात आले. नोकरी गेली असे समजून मावशी उठून उभ्या राहिल्या. सरांनी मला मावशींकडून घेतले आणि मावशींच्या नोंदीखाली लिहिले, 'ही नोंद करू नका, असे मी सांगितले होते.' खाली स्वतःचे नाव घातले.

"मावशी, गेलं का बघा. मला नीट दिसत नाहीये."

"गेलं, सर."

आता तिथे नवा टॅब आहे आणि मी कपाटात. मित्रांनो, आम्हाला जपा, वेळेवर चार्ज करा, हे मागणे आहेच. पण नकोशी गोष्ट दिसली तरी ती त्याच दिवशी लिहा, आणि पोहोचली का ते बघितल्याशिवाय पाठ फिरवू नका. दुसऱ्या टोकाला कुणीतरी विश्वासाने बाही वर करून बसलेले असते.