ऊन राखेतला मणी

माले गावच्या गौतमीने काच वितळवायचा बर्नर विकायला काढला, तेव्हा नवरा रत्नदीप एवढंच म्हणाला, "तुझी वस्तू, तू बघ." लवळ्याच्या कॉलेजात हस्तकला शिकवणारा अभय रविवारी सकाळी येऊन तो घेऊन जाणार होता.

गौतमी मागच्या पडवीत काचेचे मणी करायची. काचेची कांडी ज्योतीत धरायची, ती मऊ होऊन लवली की सळईवर गुंडाळायची, आणि तयार मणी राखेच्या मडक्यात पुरायची, म्हणजे तो सावकाश निवतो. हात असा की बघत राहावं. पण गेल्या वर्षी पुण्याच्या प्रदर्शनात घेतलेल्या तिच्या माळा लोकांच्या गळ्यातच तडकल्या. बायकांनी त्या परत पाठवल्या. एकीने तर तुकडे पाकिटात घालून वर 'काळजी घ्या' अशी चिठ्ठी जोडली. हे सौजन्य गौतमीला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. तिने पुन्हा करून पाहिलं, पुन्हा मणी तडकले, आणि आपला हातच गेला असं तिने मनाशी धरलं. आठ महिने बर्नरवर जुनी साडी पडून होती. हात बिचारा जिथल्या तिथं होता, पण हे तिला सांगणार कोण?

शनिवारी दुपारी तुकाबाई दारात येऊन उकिडवी बसली. मेंढरं माळावर सोडून आली होती. नमुना म्हणून मेंढीच्या गळ्यातून सोडून आणलेला निळा मणी तिने कनवटीतून काढून दाखवला. गौतमीनेच तीन वर्षांपूर्वी करून दिलेला.

"माजी म्होरकी मेंढी म्हातारी झाली. आता दुसरी म्होरं चालतीया. दिष्ट लागू नये म्हून तिच्या गळ्याला असलाच पायजे."

"हाच बांधा की, मावशी."

"ह्यो तिचा हाय. तिचा काढून हिला बांदू व्हय?"

"मी सोडलं ते काम. आणि दिष्टबिष्ट काही नसतं."

"तुला नसंल. मेंढीला असतीया."

म्हातारी हलेना. शेवटी तिला घालवायचं म्हणून गौतमीने बर्नरवरची साडी ओढली. 'तडकलेला बघितला की जाईल,' असं तिच्या मनात होतं. बर्नर पेटवायला मात्र तिला तीन काड्या लागल्या, आणि त्याची तिला लाज वाटली. पण निळी काच लवली तसे हात आपोआप चालू लागले. मणी गोल उतरला. तो पुरायला तिने मडकं ओढलं, तोच तुकाबाईने त्यात कोपरापर्यंत हात घातला.

"अगं, राख गार हाय की!"

"राख गारच असते, मावशी."

"मागल्या येळी चुलीपुढनं उचलली व्हतीस. माजं बोट भाजलं व्हतं, इसरली? आत्ताच जल्मलेलं कोकरू कुणी गार भुईवर ठेवतं का, येडे? आदी पोतं शेकाय लागतं."

गौतमी सळई हातात धरून तशीच उभी राहिली. न्हाणीपुढची चूल! गेल्या वर्षी घरात गीझर आला, चूल मोडली, आणि मडकं आपोआप चुलीजवळून पडवीच्या ओल्या कोपऱ्यात गेलं. घर सुधारलं आणि मणी बिघडले. आठ महिने ती आपल्या हाताला बोल लावत होती!

ती इतकी मोठ्याने हसली की तुकाबाई दचकली. तोवर मणी हातातच तडकला. गौतमीने तो खुशाल फेकून दिला. अंगणात तीन दगड मांडले, तुकाबाईने काटक्या आणल्या, आणि दोघींनी राख मडक्यासकट चांगली तापवली. मग गौतमीने नवा मणी केला, त्यावर पांढरे ठिपके दिले आणि ऊन राखेत पुरला.

रविवारी सकाळी तुकाबाई मेंढी घेऊनच हजर झाली. गौतमीने राख उकरली. मणी अख्खा होता. तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तुकाबाईने तिच्या हातातून तो घेतला आणि सरळ उंबऱ्याच्या दगडावर आपटला. टण्णकन वाजून मणी अंगणभर घरंगळत गेला. गौतमी धावत गेली, उचलून उजेडात धरला. कुठे रेघसुद्धा नव्हती. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

तेवढ्यात अभयची गाडी आली. डिकीतून त्याने खोकं काढलं. "कुठे आहे बर्नर?"

"विकायचा नाही."

"अहो, मी लवळ्याहून आलोय!"

"चहा घ्या. बघायचं असेल तर हा चष्मा घाला आणि लांब बसा."

मेंढीच्या गळ्यात मणी बांधून तुकाबाई निघाली. गौतमीने मडकं शेकोटीवर चढवलं, राखेत बोट घालून बघितलं, चटका बसला तशी खूश झाली, आणि लाल कांडी ज्योतीत धरली.

"हा कुणासाठी?" अभयने विचारलं.

"काळजी घ्या म्हणणाऱ्या बाईंसाठी. सोबत चिठ्ठी जाणार आहे," गौतमी ज्योतीवरची नजर न काढता म्हणाली. "आपटून बघा म्हणून."