बिराप्पा तोंड दाखवेनात

सखूबाईच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खं अणदूर लोटलं होतं म्हणा ना! कशाला? तर वर्षापूर्वी वारलेले बिराप्पा बायकोवर रुसले होते आणि फोटोत तोंड दाखवत नव्हते.

झालं होतं एवढंच. वर्षश्राद्ध जवळ आलेलं. चौकात फ्लेक्स लावायचा, म्हणून भिंतीवरच्या काचेच्या फ्रेमचा मोबाईलवर फोटो हवा होता. धाकट्या दिरानं, शिवशंकरनं, तो काढला. फेटा आला, हार आला, कोट आला. तोंडाच्या जागी पांढराफेक गोळा! पुन्हा काढला, पुन्हा गोळा. "माझं काय चुकलं हो?" सखूबाई फ्रेमलाच विचारत होती.

मी शेजारीण, शाळेत विज्ञान शिकवते. "अहो, फ्लॅश आहे तो!" असं ओरडून ओरडून माझा घसा बसला. "मॅडम, ह्ये तुमच्या पुस्तकात न्हाय," म्हणत शिवशंकरनं मेलेल्यांशी बोलणाऱ्या झुंबरबाबाला आणलं. बाबा आला तो स्वतःच्याच फोटोची काचेची फ्रेम बगलेत मारून. ती खुर्चीवर बसवली आणि आपण खाली बसला.

"आत्मा नाराज हाय," बाबा डोळे मिटून म्हणाला. "काय म्हणतोस बिराप्पा? पोरगी? नर्सिंगला? धाराशिवला? एकटी?"

त्याला हे सगळं सकाळीच कुणी पढवलं होतं, ते शिवशंकरच्या डोलणाऱ्या मानेवरून दिसतच होतं. पुतणीला, दीपालीला, नर्सिंगला जागा मिळाली होती. प्रवेशाचा उद्या शेवटचा दिवस, आणि या काकाला तिचं लग्न उरकायचं होतं.

"घर सोडणार न्हाय म्हणून पोरीनं शपथ घ्यावी," बाबानं सांगितलं. "मंग फ्रेम उन्हात न्या. सूर्यनारायणासमोर बाप तोंड दावंल."

सखूबाई रडत लेकीला म्हणाली, "घे की गं. त्यांचं तोंड तरी दिसंल."

दीपालीनं फ्रेमवर हात ठेवून ओठ हलवले. फ्रेम अंगणात गेली. शिवशंकरनं फोटो काढला आणि काय सांगू, बिराप्पा मिशीसकट हजर! एकच गलका झाला. एक आजोबा तर मोबाईलच्याच पाया पडले.

"काका," दीपाली म्हणाली, "म्या शपथ घेतलीच न्हाय. सतराचा पाढा म्हणत हुते."

काकाची मान डोलायची थांबली.

"मग आप्पा कशानं दिसले? चला आत." तिनं काकाचा मोबाईल घेतला आणि अंधाऱ्या खोलीत खुर्चीवरच्या बाबाच्या फ्रेमसमोर धरला. लख्खकन उजेड पडला. फोटोत दाढी आली, माळा आल्या, मधोमध पांढरा गोळा.

"बाबा, तुम्ही कुणावर रुसलात?"

"माझा... माझा आत्मा जरा बाहेर गेला असंल."

"मग जावा की, घिऊन या!" म्हातारी म्हाळसाबाई दारातून ओरडली. बाबानं फ्रेम उचलली आणि जो गेला तो गेलाच.

दीपालीनं सगळ्यांना मोबाईल दाखवला. "अंधारात ह्याचा फ्लॅश आपोआप लागतो. समोर काच असली की त्यो उजेड उलटा येतो आन् तेवढी जागा पांढरी पडते. उन्हात फ्लॅश लागतच न्हाय." तिनं फ्लॅश बंद केला, खिडकी उघडली, आप्पांची फ्रेम थोडी तिरपी धरली. "आई, तू काढ."

सखूबाईनं बोट दाबलं. बिराप्पा आले, घरातच, शपथेबिगर.

"भावजी," ती दिराकडं वळली, "पोरीला शिकवीन म्हणून ह्येंनी जित्तेपणी दहादा सांगितलं. ते म्या माझ्या कानानं ऐकलंय. आन् मेल्यावर त्यांचं मन पालटलं म्हणून त्यो बाबा सांगतो, आन् म्या खरं मानलं! जळ्ळी माझी अक्कल!"

माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. फोटोत तोंड दिसलं नाही तर आधी फ्लॅश बंद करून बघा. आणि मेलेल्या माणसाच्या तोंडून कुणी निरोप आणला, तर त्यात कुणाचा फायदा आहे ते विचारा. विचारल्यानं कुठलाही देव रागवत नाही.

वर्षश्राद्धाला चौकात फ्लेक्स लागला. एका बाजूला 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि मिशीत हसणारे बिराप्पा. दुसऱ्या बाजूला, खर्च एकदाच व्हावा म्हणून, 'नर्सिंगला प्रवेश मिळाल्याबद्दल कु. दीपालीचं हार्दिक अभिनंदन'. शिडीवर चढून तो बांधत होता शिवशंकर आणि खाली उभी राहून सखूबाई सांगत होती, "भावजी, पोरीची बाजू जरा वर घ्या."