उभे कान

"परत दिलेला कुत्रा आपलाच असून आजारपणामुळे त्याचे कान कायमचे पडले आहेत," असे बोरिवलीच्या श्वानगृहाने शिक्क्यानिशी कळवले. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, गोराईच्या ब्रिजेटबाईंनी हा नवा शोध शांतपणे वाचला. इस्पितळात भरती होताना त्यांनी श्वानगृहात ठेवलेला पेद्रू नॉरिच टेरियर जातीचा होता. नॉरिच आणि नॉरफोक दोघेही आखूड पायांचे, गव्हाळ रंगाचे; पण नॉरिचचे कान उभे, नॉरफोकचे दुमडलेले. आजारपणात जात बदलणारा कुत्रा बाईंच्या पाहण्यात नव्हता. शिवाय या कुत्र्याच्या कानांत चिकटपट्टीचा डिंक होता.

संध्याकाळच्या प्रार्थनेला मात्र जे घडे, ते कुठल्याच ग्रंथात नव्हते. क्रुसाखालची पेद्रूची जागा आता रिकामी होती. नवा कुत्रा तिथवर येऊन थबके, कुणी निजले असावे तसा वळसा घालून जाई आणि दाराशी बसून राही.

बाईंनी श्वानगृहाच्या ॲश्टनला प्रार्थनेला बोलावले आणि ते बघायला लावले.

"आता सांग रे, माझा पेद्रू कुठाय?"

ॲश्टनचा चेहरा पांढरा पडला.

"आंटी, पेद्रू पहिल्याच आठवड्यात देवाघरी गेला. याला मालक न्यायला आलाच नाही. म्हटलं, पाय सेम, रंग सेम, कान तेवढे पट्टीने उभे करू. पण पट्टी लावताना हा रोज पेद्रूच्या रिकाम्या पिंजऱ्याकडे बघून शेपूट हलवायचा."